बोक्याने पाडलेलं दार

मी डालगा बोलतोय. शहरातल्या मंडळींना माझं नाव ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. कोंबड्यांवर पालथा घालतात तो बांबूचा मोठा टोपला, तो मी. वरून गोल, खालून उघडा, अंगभर जाळीदार. जन्मभर पालथाच राहिलो, पण पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण मला लावू नका. पाहिलेलं सगळं माझ्या लक्षात आहे.

माझा जन्म बारवी धरणाच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर झाला. मला विणलं चांगोने. बांबू अंधाऱ्या पाखात, म्हणजे वद्य पंधरवड्यातच तोडायचा ही त्याची शिस्त, नाहीतर भुंगा लागतो म्हणायचा. कोयत्याने कांबट्या काढल्या, ओढ्यात भिजवल्या आणि अंगणात मांडी घालून बसला. समोर त्याची बायको राही भात पाखडत होती. "तीन कोंबड्या मावतील येवढा कर," ती म्हणाली. चांगोने चार मावतील एवढा केला. तो माणूसच तसा होता.

माणसं रानात गेली की अंगणाचा कारभार माझ्याकडे. पोटात कोंबड्या, डोक्यावर दगड. घार घिरट्या घालायची, मुंगूस नाक घासत माझ्याभोवती फिरायचं, मी आपला ढिम्म. घरात नवी कोंबडी आली की आधी तिला चुलीभोवती पाच फेरे आणि मग तीन दिवस माझ्याखाली. तिथेच दाणा, तिथेच पाणी. चौथ्या दिवशी मला उचललं की ती कुठेही उंडारो, दिवस कलताना बरोबर आमच्याच दारात यायची. फेऱ्यांनी घर ओळखीचं होतं, असं राही म्हणते. मी एवढंच म्हणेन की फेऱ्यांना पाच मिनिटं लागतात आणि मला तीन दिवस.

माझा वैरी एकच. बोका. पिवळा, एका कानाने फाटका. लावणीच्या दिवसांत, भर दुपारी, पाड्यावर चिटपाखरू नसताना तो आला. माझी एक कांबटी जरा जुनी झाली होती, ती त्याने नखांनी सोलली, मग शेजारची. वीतभर भोक पाडून त्याने आत पंजा घातला आणि कोंबडीचं पिल्लू उचललं. माझ्या पोटातून! संध्याकाळी राहीने त्या बोक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चांगोने भोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "उद्या बांधतो."

दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. त्या तापातून तो उठला नाही.

नंतर शेजारच्या कौसाबाईने एकदा कांबटी आणून माझं भोक बुजवायला घेतलं, तर राहीने तिचा हात धरला. "नको गं. त्यो बांधतो म्हनला व्हता." मी तसाच राहिलो. मला त्या भोकाची शरम वाटायची, आणि चांगोची आठवणही तिथेच यायची. दोन्ही एकाच जागी असल्यावर माणसाने काय, डालग्यानेही काय करावं?

पुढे मुलगा चेतन अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला लागला, त्याने बदलापुरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि आईला घेऊन आला. कोंबड्या पाड्यावरच वाटल्या. राहीने बरोबर आणलं ते लुगड्यांचं गाठोडं, सुकटीचा डबा आणि मला. "आई, याच्यात आता काय कोंडणार, आम्हाला?" चेतन हसत म्हणाला. पण त्याने मला फेकलं नाही. स्वयंपाकघराच्या माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलाशेजारी, मला सरकवून दिलं.

तिथून मला घर दिसायचं. सून प्रगती, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाणारी. नात रिद्धी, वय वर्षं आठ, तोंडाचा पट्टा चालू. सगळी राहीशी चांगली वागायची, पण तिला कुणी काही विचारायचं नाही. भात कधी पेरायचा, कुठला पाला कशावर चालतो, गाभण शेळी कशी ओळखायची, हे सगळं जाणणारी बाई टीव्हीसमोर बसून लसूण सोलायची. तीही माळ्यावरच होती म्हणा ना, माझ्यासारखी.

एके दिवशी प्रगती कारखान्यातून बातमी घेऊन आली. कापडाच्या ढिगात मांजरीने पिल्लं घातली होती. मांजर टेम्पोखाली गेली. बाकीची पिल्लं लोकांनी नेली, एकच उरलं. रिद्धीने उडीच मारली.

मांजर! आणि माझ्या घरात! माझ्या कांबट्या कडाडल्या, पण खाली कुणी ऐकलं नाही.

आठवडाभर जी तयारी चालली ती मी धुसफुसत पाहिली. चेतनने गॅलरीला कबुतरांची जाळी लावली. फिनेलची बाटली वरच्या फळीवर गेली. पिल्लाच्या शी-शूसाठी शेजारच्या बांधकामावरून वाळू मागून आणली आणि ती जुन्या घमेल्यात भरली. वॉशिंग मशीनमागची फट थर्माकोलने बंद केली. मोबाइलवरून एक घर मागवलं. गुलाबी, मखमली, दाराला लोंबता गोंडा. चार कोंबड्या सांभाळणारा मी माळ्यावर धूळ खातोय, आणि मूठभर मांजरासाठी मखमल! राहीने ते घर हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "याला वारा कुठनं लागायचा?" तिने विचारलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी प्रगती खोक्यातून पिल्लू घेऊन आली. करडी मांजरी, मुठीएवढी. पाय पांढरे, पण जीन्सच्या रंगाने निळसर झालेले. डोळे मात्र केवढे!

आता राही पुढे झाली. "आधी चुलीभवती पाच फेरं. त्याबिगर टिकनार नाय."

"आई, चूल कुठंय? ओटा भिंतीला चिकटलाय," प्रगती म्हणाली.

राहीने ओट्याखालच्या रिकाम्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. चेतनने हसत हसत सिलिंडर ओढून मध्ये आणला. रिद्धी पिल्लाला छातीशी धरून त्या लाल सिलिंडरभोवती फिरू लागली आणि राही मोजू लागली. एक. दोन. तीन. चार. एवढ्यात ओट्यावरचा कुकर शिट्टी देऊन ओरडला. पिल्लाने रिद्धीच्या हातावर नखं ओढली, उडी मारली आणि फ्रिजमागे गायब झालं. वॉशिंग मशीनची फट बुजवली होती, फ्रिजची कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

पाचवा फेरा राहिला. पण मला दुसरीच चूक दिसत होती. फेरे होवोत न होवोत, तीन दिवसांचं काय? कुठल्याही नव्या जिवाला कोंडून धीर द्यावा लागतो, हे राहीला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिने एकदा माळ्याकडे पाहिलंही. मग सुनेकडे पाहिलं, आणि पदर खोचून लसूण सोलायला बसली. एवढ्या मखमलीपुढे जुनी टोपली काढा म्हणायची तिला लाज वाटली. मला तिचा राग आला, आणि कीवही आली.

शनिवार गेला. पिल्लाने दुधाला तोंड लावलं नाही. रिद्धी फ्रिजसमोर पालथी पडून मोबाइलची बॅटरी आत मारायची, सारखी हाका मारायची. "माऊ, बाहेर ये ना! पप्पा, वो कुछ खाती ही नहीं!" हाक जितकी गोड, तितकं पिल्लू आत सरकायचं. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. प्रेम करायचं म्हटलं की आधी समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारतात.

रविवारी सकाळी पिल्लाचं ओरडणंही थांबलं. चेतनने रिद्धीला जवळ बसवलं. "हे बघ बेटा, संध्याकाळपर्यंत खाल्लं तर ठीक. नाहीतर मी तिला कारखान्यात सोडून येतो. इथं उपाशी मरण्यापेक्षा तिथं तिच्या जागेवर जगेल तरी." त्याचंही बरोबर होतं. रिद्धी ओरडली नाही, भांडली नाही. आपला ओरखडलेला हात दुसऱ्या हाताने धरून राहीजवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, तुझ्या कोंबड्या पळून नाही का जायच्या?"

बदलापुरातल्या दीड वर्षात राहीला तिच्या माहितीतलं काही विचारणारा तो पहिला प्रश्न.

राही उठली. "चेतन, माळ्यावरचा डालगा काड!" आवाज असा, की चेतनने स्टूल आणायच्या आधी "हो" म्हटलं.

मी खाली उतरलो! कंदिलाच्या झिरमिळ्या अंगाला चिकटलेल्या, पण उतरलो. प्रगतीने मला ओल्या फडक्याने पुसलं, भोकाशी थबकली. "आई, हे तर फाटलंय. पिल्लू निघून जाईल."

"निगून जायाला नाय, आत याया हाय ते."

राहीने फ्रिजमागची एक बाजू पाटाने बंद केली. दुसऱ्या बाजूला मला पालथा घातला, माझं भोक बरोबर त्या फटीकडे करून. आत प्रगतीने कारखान्यातून आणलेल्या जीन्सच्या चिंध्या अंथरल्या, कारण त्यांना पिल्लाच्या जन्माचा वास होता. वरून राहीने आपलं जुनं लुगडं पांघरलं. मग तव्यावर चिमूटभर सुकट भाजली आणि बशीतून माझ्या पोटात सरकवली. घरभर घमघमाट सुटला.

"आता सगल्यांनी पाट करून बसा. नव्या कोंबडीकडं कुनी टकामका बघत बसतं का? आपलं काम करा."

सगळी पाठ करून बसली. चेतन भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचू लागला. प्रगती मेथी निवडू लागली. रिद्धीने दोन्ही हातांनी डोळे झाकले. आणि मी, जन्मभर मांजराला बाहेर ठेवण्यासाठी झिजलेला मी, श्वास रोखून मनात म्हणत होतो, ये गं बाई. ये. मी काही करत नाही तुला.

आधी मिशा लागल्या. मग निळसर पांढरा पंजा. त्याच भोकातून, ज्यातून तो पिवळा मेला पिल्लू घेऊन गेला होता, हे पिल्लू आत आलं. चिंध्या हुंगल्या. गोल फिरलं. आणि मग आवाज आला. कुरुम, कुरुम.

"आजी, खातीय!" रिद्धी डोळे झाकूनच कुजबुजली.

राहीने सावकाश हात नेऊन भोकात कापडाचा बोळा बसवला. चेतन वळून बघत होता. त्याची नजर त्या तुटलेल्या कांबट्यांवर होती. "बाबांचं बांधायचं राहून गेलं ना हे," तो म्हणाला.

"राह्यलं त्येच बरं झालं," राही म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

तीन दिवस तो जीव माझ्या पोटात होता. दाणापाणी तिथेच, वाळूचं घमेलंही वेळोवेळी आत. दुसऱ्या दिवशी दुपारी मांजरी सुखाने घुरघुरू लागली. ती थरथर माझ्या एकेका कांबटीतून गेली. कोंबड्यांनी असलं सुख मला कधी दिलं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी, सगळी घरी असताना, राहीने बोळा काढला. त्याच वेळी गॅसवाला नवा सिलिंडर स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवून गेला. ती बाहेर आली, शेपटी ताठ उभी. कुणी हाक मारली नाही, शिकवल्याप्रमाणे सगळी आपापल्या कामात. ती सिलिंडरपाशी गेली, त्याला अंग घासत सावकाश एक पूर्ण वळसा घातला, आणि ऐटीत येऊन माझ्यात शिरली.

"पाचवा!" राही ओरडली. एवढ्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून वर आली. चेतनने रिद्धीला खांद्यावर घेतलं आणि प्रगतीने सासूला मिठी मारली. मांजरीचं नाव राहीनेच ठेवलं. सुकट.

आता मी माळ्यावर नाही. गॅलरीत, उन्हाच्या तिरपीत, पाटावर माझी जागा आहे. मखमली घरात राही लसूण ठेवते, वारा लागत नाही म्हणून कुरकुरते. खालच्या बाईने कालच विचारलं, आजी, माझ्या तुळशीला कीड लागलीय, काय घालू? राही अर्धा तास बोलत होती.

मंडळी, तुमच्याही माळ्यावर कुणी पालथं पडलेलं असेल, तर एकदा खाली उतरवून बघा. आणि एक विनंती चेतनला. परवा तो नवी कांबटी घेऊन माझी डागडुजी करायला बसला होता, राहीने त्याला उठवलं. पुन्हा बसू नकोस, बाबा. बाकी सगळं बांध, ते भोक तेवढं राहू दे. तिथून माझी लेक येते-जाते.