ओळखा, माझ्या पोटात काय आहे

मी पिशवी बोलतेय. नाडी ओढली की तोंड मिटणारी, पाचवीच्या वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला लटकणारी. माणसं एखाद्याला 'आतल्या गाठीचा' म्हणून नावं ठेवतात. माझा तर धंदाच तो.

खुर्च्यांचे अभ्रे शिवून उरलेल्या कापडातून मी जन्मले. वर्गाच्या बाईंच्या जाऊबाईंनी मला शिवलं आणि कपडे वाळत घालायचे चिमटे माझ्या पोटात कोंबले. पुढे बाईंनी ते चिमटे ओतून मला शाळेत आणलं, तेव्हा घरी बरीच कुरबुर झाली. मला मात्र बढती मिळाली.

बाई गुपचूप एखादी वस्तू माझ्यात ठेवायच्या. मुलांनी प्रश्न विचारायचे, बाईंनी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, आणि त्यावरून वस्तू ओळखायची. सुरुवातीला पोरं नुसती अंधारात दगड मारायची. चेंडू? कंगवा? हत्ती? हळूहळू ती विचार करून विचारू लागली. गोंगाट मात्र तेवढाच राहिला, आणि तो मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या कानावर गेला. हा तास ठेवायचा की बंद करायचा, हे त्या मागच्या बाकावर बसून ठरवणार होत्या. माझ्या डोळ्यांसमोर चिमटे नाचू लागले.

त्या दिवसासाठी बाईंनी मला आदल्या संध्याकाळी घरी नेऊन एक जाडजूड कुलूप माझ्यात ठेवलं. पण निघताना घराचं कुलूप सापडेना, म्हणून घाईघाईत माझ्यातलंच काढून दाराला लावलं, मला डब्याच्या थैलीत कोंबलं आणि धावत सुटल्या. वर्गात मला खिळ्याला अडकवतानाही त्यांचं सगळं लक्ष मोठ्या बाईंकडे. मी रिकामी आहे हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

प्रश्न सुरू झाले. धातूचं आहे? हो. घरात असतं? हो. एकटं असलं की निरुपयोगी? हो. वर्गातल्या बडबड्यानं ऐटीत 'कुलूप' म्हणून सांगितलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात खिडकीजवळच्या घुमीनं हात वर केला. वर्षभरात तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता, म्हणून तर पोरांनी तिला हे नाव दिलं होतं.

"बाई, पिशवी रिकामी आहे का?"

वर्ग खो खो हसला. बाई ठामपणे म्हणाल्या, "नाही."

"मग ती पंख्याच्या वाऱ्यानं उडते कशी? आत कुलूप असतं तर अशी हलली नसती."

बाईंनी नाडी सोडून हात आत घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. मोठ्या बाईंना मात्र ही आमच्या बाईंचीच युक्ती वाटली. मुद्दाम रिकामी ठेवलीत का, असं त्यांनी कौतुकानं विचारलंही. नुसतं 'हो' म्हटलं की काम फत्ते, झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगितलं, तर माझ्या नशिबी पुन्हा चिमटेच.

"नाही," बाई म्हणाल्या. "कुलूप घराच्या दाराला आहे. मी विसरले."

मोठ्या बाई घुमीकडे वळल्या. "टाळ्या मीही वाजवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "हा तास चालू ठेवा. आणि अधूनमधून मलाही बसू द्या."

आता माझी शिवण उसवलीय, नाडीला गाठी पडल्यात. घुमी हल्ली इतकं विचारते, की बाईंनाच 'जरा दम घे' म्हणावं लागतं. मला त्याचा फार आनंद होतो. तुमच्यापुढेही कुणी तोंड बांधलेली पिशवी धरेल आणि आत काय आहे ते ओळखा म्हणेल. लगेच ओळखायला धावू नका. आधी ती वाऱ्यानं हलते का, ते बघा.