दुसऱ्या हाताचा वार

बाबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते, तेव्हा सुबोधकाकांचा फोन आला. "शर्मिष्ठा, रविवारी तीनला ये. धोंडूला निरोप द्यायचाय. बाळच्या जागी तू बस, फासे तू टाक."

धोंडू हा खराखुरा माणूस नव्हे. बाळ सबनीस, म्हणजे माझे बाबा, विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी दुपारी मुलुंड पूर्वेला सुबोधकाकांच्या घरी एक खेळ खेळायला जायचे. त्या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी मांत्रिक. समोर काय उभं आहे ते सूत्रधार सांगतो, त्यावर आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. उरलेलं सगळं एका जाड नियमपुस्तकात असतं. चौदा वर्षं सुबोधकाका सूत्रधार होते आणि चौदा वर्षं बाबा धोंडू होते. कोकणातला, मोठ्या आवाजाचा, शिवराळ, दोन्ही हातांत कोयते घेऊन लढणारा धोंडू. घरी बाबांनी कधी दार आपटल्याचंही मला आठवत नाही.

"बाळने कुणाला कधी त्रास दिला नाही." दिवस होईपर्यंत हे वाक्य मी पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. आलेल्या प्रत्येकाला मी पाणी दिलं, चहा दिला, आणि मान हलवली. त्यांनी कुणाकुणाचा त्रास सोसला, हे एकानेही विचारलं नाही.

त्या दिवसांत मी फक्त वाचू शकत होते, आणि कादंबरी हातात धरवत नव्हती. म्हणून बाबांच्या कपाटातलं ते नियमपुस्तक काढलं. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मीच दिलेलं. जुनी आवृत्ती होती, शोधायला दोन महिने लागले होते. बाबांनी त्याला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं होतं. सगळं कोरं होतं. एकाच पानावर, दोन हातांत दोन हत्यारं घेऊन लढण्याच्या नियमाशेजारी, बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: "आपल्याकडे हे पान नव्हतं."

तो नियम मी चार वेळा वाचला. दोन्ही हत्यारं हलकी असली, तर एका हाताने वार केल्यावर दुसऱ्या हातानेही एक वार करता येतो. दुसऱ्या वाराला अंगातली ताकद मिळवायची नाही, हत्याराची जखम तेवढीच धरायची. पण पहिला वार लागो वा चुको, दुसरा मिळतोच.

बाबांना मी ओट्याशी उभे राहून आईला रविवारचा वृत्तांत सांगताना कित्येकदा ऐकलं होतं. "आज पहिलाच चुकला, मग काय, दुसरा गेलाच." आई पोळ्या लाटत हं म्हणायची. आई गेल्यावर ते मला फोनवर सांगायचे आणि मी इकडे घाटकोपरला पेपर तपासत हं म्हणायची. पहिला चुकला की दुसरा जातो, असाच खेळ असेल असं मला वाटत होतं. तो तसा नव्हता.

रविवारी मी पुस्तक पिशवीत घालून गेले.

सुबोधकाकांच्या हॉलमधलं जेवणाचं टेबल मोकळं केलं होतं. भिंतीकडची खुर्ची बाबांची, पंखा न लागणारी. रेवती माझ्याच वयाची, बँकेत आहे, खेळात ती मांत्रिक. सुयोग तिशीच्या आतला, सॉफ्टवेअरवाला, खेळात चोर. दोघांनी उठून माझा हात हातात घेतला.

"काकांना आम्ही कोयता गँग म्हणायचो," सुयोग म्हणाला. "एकट्याची गँग."

"आणि तो चिडायचा नाही," सुबोधकाका म्हणाले. "कशावरच चिडायचा नाही बाळ."

त्यांनी समोर पुठ्ठ्याची फाइल उभी केली, सूत्रधाराचे आकडे झाकायला. पुढ्यात एक कागद होता, दोन्ही बाजूंनी भरलेला. तो धोंडूच्या मरणाचा मजकूर होता हे मला लगेच कळलं, कारण वर लाल शाईत "निरोप" लिहिलं होतं.

त्यांनी सुरुवात केली. गुंफा जोगेश्वरीच्या लेण्यांवरून घेतली होती, खालून वर न जाता वरून खाली उतरणाऱ्या लांब पायऱ्या, खांब, पाझरणारं छत. सुबोधकाका सांगतात छान, हे मान्य करायला हवं. बाकीचे दोघे पुढे निसटले आहेत, पायऱ्या अडवून धोंडू एकटा उभा आहे, आणि आतून दगडी राखणदार येतोय.

"काय करतो धोंडू?"

"वार करतो. उजव्या हाताने."

"चौदा किंवा वर हवेत."

मी फासा टाकला. सहा.

"कोयता दगडावरून घसरला," सुबोधकाका म्हणाले आणि पुढ्यातल्या कागदाकडे वळले. "आता राखणदार..."

"दुसरा वार राहिला," मी म्हणाले.

"पहिला चुकला की दुसरा नसतो गं."

"असतो."

"आपल्या टेबलावर नसतो. तुला माहीत नसणार, तू नवीन आहेस."

मी पुस्तक काढलं, पान उघडलं आणि त्यांच्या फाइलवरून पलीकडे सरकवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. रेवतीही वाकली. सुयोग वाकला नाही.

"सुयोग, तुला माहीत होतं?"

तो टेबलाकडे बघत राहिला. "माझ्या फोनवर आहे ना पुस्तक, ताई. मी आलो त्याच वर्षी बघितलं. तुमच्या बाबांना दाखवलंही होतं. ते म्हणाले, राहू दे, सुबोधला ओशाळल्यासारखं होईल."

"कधीची गोष्ट?"

"पाचेक वर्षं झाली."

म्हणजे मी पुस्तक देण्याच्याही आधीची. पेन्सिलीची ती ओळ म्हणजे शोध नव्हता. कुणाला सांगायची नाही अशी गोष्ट त्यांनी निदान पुस्तकाला सांगितली होती.

सुबोधकाकांनी पुस्तक मिटलं. "बरं बाई. आज प्रसंग वेगळा आहे. आजच्यापुरता घे दुसरा वार. बाळसाठी."

माझे कान तापले. "आजच्यापुरता नको. बाळसाठी नको. नियम आहे म्हणून द्या. आणि चौदा वर्षं चुकीचं खेळवलं, एवढं म्हणा."

"अगं शर्मिष्ठा, खेळ आहे हा!"

"खेळ आहे तर म्हणायला काय हरकत आहे?"

"यार, काका, म्हणून टाका ना," सुयोग पुटपुटला.

"तू गप रे!"

सुबोधकाका उठले, आत गेले. कपाट उघडल्याचा, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. परत आले ते एक जाड गठ्ठा घेऊन. सगळं पुस्तक झेरॉक्स केलेलं, हिरव्या टॅगने ओवलेलं. चौदा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या कुणाचं तरी पुस्तक एका दिवसाच्या बोलीवर आणलं होतं. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने घाईत दोन पानं एकदम उलटली आणि पंच्याण्णव-शहाण्णव राहून गेलं. घरी येऊन कळेपर्यंत पुस्तक परत गेलं होतं. त्या जागी एक आखीव कागद लावला होता. सुबोधकाकांनी तो माझ्यासमोर धरला.

अक्षर बाबांचं होतं. तिरकं, सुटं, प्रत्येक शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. "दोन हत्यारांनी लढणाऱ्याचा पहिला वार चुकल्यास दुसरा वार मिळणार नाही. पहिला लागल्यास दुसऱ्यासाठी चार वजा करावेत." खाली तारीख आणि सही. घरच्या खेळाच्या नियमाखाली पूर्ण सही करणारा माणूस.

"मी त्याला म्हटलं होतं, बाळ, पान नाहीये, तुझाच लढवय्या आहे, तूच ठरव," सुबोधकाका आता हळू बोलत होते. "आठवड्याने हे घेऊन आला. मी म्हटलं, अरे फार कडक आहे. तर म्हणाला, माझ्यासाठी मीच सैल नियम केला असं कुणाला वाटायला नको. असू दे."

"आणि तुम्ही असू दिलंत."

"त्यालाच चालत होतं ना!"

"त्यांना सगळंच चालायचं, काका. म्हणून तर सगळ्यांचं चाललं."

पंख्याचा वारा माझ्याकडे येत नव्हता. या खुर्चीत पंखा लागत नाही हेसुद्धा चौदा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नसेल. किंवा आलं असेल, आणि बाळला चालतंय म्हणून सोडून दिलं असेल.

मी हे सगळं सुबोधकाकांवर ढकलून मोकळी झाले असते. मला तेच करायचं होतं, त्यासाठीच मी आले होते. पण आठ महिने बाबांचं पोट दुखत होतं. आमच्या डॉक्टरांनी आठ महिने पित्ताच्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं, बाबा, आणखी कुणाला तरी दाखवू या. ते म्हणाले, पस्तीस वर्षांचा संबंध आहे, त्यांना काय वाटेल, असू दे. मी अंधेरीच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली होती. ती मी फोन करून रद्द केली. मी केली, माझ्या फोनवरून. नंतर स्कॅन झालं तेव्हा करण्यासारखं फार काही राहिलं नव्हतं.

त्या कागदावरच्या अक्षराचा मला इतका राग आला की तो डोळ्यांसमोर धरवेना. समोर असते तर मी त्यांना विचारलं असतं, तुम्हाला कोण काय म्हणणार होतं? चार माणसं. एक टेबल. स्वतःला मिळतं ते घेतल्यावर कोण कोर्टात खेचणार होतं तुम्हाला?

"हा नियम बाबांचा आहे," मी म्हणाले. "पण फासा माझ्या हातात आहे. मी पुस्तकाप्रमाणे खेळणार. दुसरा वार."

सुबोधकाकांनी मान डोलावली. मी डाव्या हाताने फासा टाकला. सतरा.

"लागला," रेवती म्हणाली, जरा मोठ्यानेच.

जखमेचा फासा टाकला, तीन आले. राखणदाराचा टवकाही उडाला नसेल. सुबोधकाकांनी आकडा लिहून घेतला आणि निरोपाचा कागद उचलला. "राखणदाराने दोन्ही हात वर उचलले, आणि धोंडूच्या..."

"फासा टाका."

"अगं, निरोप आहे हा. मी लिहून आणलंय."

"त्यांना मारायचं तर नियमाने मारा. फासा टाका."

त्यांनी टाकला. चुकला. मग पुन्हा माझी पाळी.

असं आम्ही साडेपाचपर्यंत खेळलो. तिसऱ्या फेरीत रेवती म्हणाली, "माझी मांत्रिक परत फिरते." सुबोधकाका म्हणाले, "तू कथेप्रमाणे पुढे गेलीयस." ती म्हणाली, "कथा कुणी विचारली तुम्हाला? मी पायऱ्या उतरतेय." पाचव्या फेरीत सुयोगही फिरला, पण त्याचा चोर पोहोचायला तीन फेऱ्या लागणार होत्या आणि तेवढ्या मिळाल्या नाहीत. सातव्या फेरीत राखणदाराला एकोणीस पडले. सुबोधकाकांनी जखम मोजली, पुन्हा मोजली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धोंडू पडला."

सातही फेऱ्यांत मला दुसरा वार मिळाला होता. चार लागले होते. त्यांतल्या तीन वेळा पहिला चुकला होता, म्हणजे बाबांच्या कागदाप्रमाणे ते तिन्ही गेलेच असते. राखणदार मेला नाही. पण त्याचा डावा हात तुटला, आणि रेवती व सुयोग दोघंही त्याच्या हातून सुटले.

निरोपाचा कागद सुबोधकाकांनी वाचला नाही. घडी घालून खिशात ठेवला. "मी चुकीचं खेळवलं," ते म्हणाले. उशिरा म्हणाले, पण म्हणाले. मला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. वाटलं नाही.

मी गठ्ठा ओढून घेतला आणि टॅगचं टोक भोकांतून काढायला लागले. गाठ घट्ट बसली होती, नखं लागली.

"काय करतेस?"

"हे पान काढतेय. सुयोग, खरं पंच्याण्णव-शहाण्णव छापून आण आणि इथे लाव."

"राहू दे ना गं," सुबोधकाका म्हणाले. "त्याचं अक्षर आहे. तेवढीच आठवण."

"नाही राहू देणार."

आखीव कागद निघाला. मी तो फाडणार असं त्या तिघांना वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. पण सही बघितली आणि दोन घड्या घालून पर्समध्ये टाकला. तो माझ्याकडेच असायला हवा. चालवून घेण्याचा वारसा आमच्या घरातला आहे, दुसऱ्याच्या गठ्ठ्यात कशाला?

"मग मी पुढच्या वेळी दोन सुऱ्या घेऊ?" रेवतीने विचारलं. "इतकी वर्षं काकांचे हाल बघून कुणी घेतच नव्हतं."

"घे," मी म्हणाले.

सुबोधकाका आतून चहा घेऊन आले. चहावर साय धरली होती. बहुतेक खेळ सुरू होण्याआधीच करून ठेवला असावा. बाकीच्यांनी उचलला. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा गार आहे, काका," मी म्हणाले. "मला दुसरा करून द्या. आणि माझी खुर्ची मी पंख्याखाली घेतेय."

ते कप उचलून आत गेले, आणि गॅस पेटल्याचा आवाज आला.