चित्रपटातल्या गुंडाची आजी

लिओकाडिया सादोव्स्की यांनी शनिवारी सकाळी निळा सूट चढवला, टोपीला टाचणी लावली, पांढरे हातमोजे घातले आणि त्या घराबाहेर पडल्या. गल्लीतल्या इतर बायकांसारख्या त्या शूटिंग पाहायला निघाल्या नव्हत्या. नातीचा हात धरून तिला त्या चित्रपटातून बाहेर काढायचे, असे ठरवूनच त्या निघाल्या होत्या.

चित्रपट गाण्यांचा आणि हसवण्याचा होता. गोष्ट तीस वर्षांपूर्वीच्या बाल्टिमोरमधली: टेकडीवरच्या बंगल्यातली मुलगी, बंदराकडच्या वस्तीतला उडाणटप्पू मुलगा, आणि दर दहा मिनिटांनी सगळे गाव मिळून नाच. गर्दीतल्या नाचासाठी शहरातली मुले हवी होती. रविवारच्या प्रार्थनेनंतर फादरांनी तसे जाहीर केले: जुन्या काळचे कपडे घरूनच घालून यावे, श्रीमंतांचे कोण आणि गुंडांचे कोण ते कंपनी ठरवील.

आता नात सिनेमात दिसणार म्हटल्यावर कोणती आजी तिला फाटक्या कपड्यांत पाठवील? लिओकाडियाबाईंनी तीन रात्री जागून बर्नाडेटला आकाशी ऑर्गंडीचा झगा शिवला आणि आपल्या लग्नातले मोती तिच्या गळ्यात घातले. शेजारपाजारच्या आयांनीही तेच केले. बंदरालगतच्या त्यांच्या गल्लीतल्या विटांच्या चिंचोळ्या घरांमधून पोरे अशी काही कडक इस्त्रीत बाहेर पडली, की वेशभूषा पाहणाऱ्या बाईने एक नजर टाकली आणि सगळ्यांना बंगलेवाल्यांच्या रांगेत उभे केले. लिओकाडियाबाईंना त्यात नवल वाटले नाही. कोणीतरी डोळस माणूस भेटला, इतकेच वाटले.

त्यांना ठाऊक नव्हते ते दुसऱ्या रांगेचे. टेकडीवरच्या खाजगी शाळेतली मुले हौसेने चामड्याची जॅकेटे घालून, केसांना तेलाचा थापा मारून आली होती आणि त्याच बाईने त्यांना बंदरावरचे गुंड करून टाकले होते. बर्नाडेटला हे पहिल्याच दिवशी कळले. ती घरी एक अक्षर बोलली नाही. आजीला त्या जॅकेटांचा राग येईल की टेकडीवरच्या पैशाचा, याचा तिला अंदाज बांधता येत नव्हता.

गुरुवारी त्या गुंडांपैकी एक जण तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला आणि लिओकाडियाबाईंनी खिडकीतून ते जॅकेट पाहिले. पोटची मुलगी अशाच एका जॅकेटाच्या पाठीला मिठी मारून मोटरसायकलवर गेली होती. मागे पाळण्यात बर्नाडेट ठेवून गेली, आणि आता तिच्याकडून नाताळात एक कार्ड येत असे. दुसऱ्यांदा तसे होऊ द्यायचे नाही, एवढेच बाईंना कळत होते.

चौकात दोऱ्या बांधल्या होत्या, दिवे लावले होते, कर्ण्यातून तेच गाणे पुन्हा पुन्हा वाजत होते. बाई दोरीखालून वाकून सरळ कॅमेऱ्यामागे गेल्या. तिथे एक म्हातारी बाई उन्हात उभी होती. अंगात कोपरांवर रफू केलेला पुरुषी स्वेटर, पायांत चिखलाचे बूट, डोक्यावर कुत्र्याने कुरतडल्यासारखी गवती टोपी. लिओकाडियाबाईंचा राग क्षणभर बाजूला झाला.

"अहो, उन्हात कशाला उभ्या? बसा की."

"खुर्च्यांवर नावं दिसतात कुणाकुणाची," म्हातारी संकोचून म्हणाली.

"नावं असेनात. ए पोरा, ऊठ!" टोपी उलटी घातलेला एक तरुण ताडकन उठला. तो दिग्दर्शक होता, हे कोणी बाईंना सांगितले नाही; सांगितले असते तरी त्याला उठावेच लागले असते.

दोघी शेजारी बसल्या. समोर नाच सुरू झाला. बंगल्यांची मुले एका बाजूने, गुंड दुसऱ्या बाजूने, आणि मधोमध आकाशी झग्यात बर्नाडेट आणि तो जॅकेटवाला.

"नाचते कशी बघा ती मुलगी," म्हातारी म्हणाली. "मान किती ताठ! चांगल्या घरची दिसते."

"दिसणारच. नात आहे माझी."

"हो का? मग तुमचं घर..."

"तीन पिढ्या एकाच घरात आहोत. संगमरवरी पायऱ्या आहेत. दर शनिवारी स्वच्छ झाल्याच पाहिजेत, हा माझा नियम. आज प्रथमच चुकला."

"संगमरवरी!" म्हातारी अदबीने थोडी सरळ बसली. "हल्ली कोण राखतं एवढं?"

"आणि तुमचं कोण आहे यात?"

"तुमच्या नातीबरोबर आहे तो. हॉलिस. माझा नातू."

लिओकाडियाबाईंच्या जिभेवर आलेले शब्द परत फिरले. त्यांनी पुन्हा एकदा त्या स्वेटरकडे पाहिले.

"आईबाप?"

"सारखे बाहेरगावी. आज इथं, उद्या तिथं. तो माझ्याकडेच वाढला."

"पोटासाठी हिंडावं लागतं माणसाला," बाई समजुतीने म्हणाल्या. "घर तरी आहे ना धड?"

"धड कसलं! छप्पर गळतं, बादल्या ठेवाव्या लागतात. हिवाळ्यात दोनच खोल्या गरम करतो, बाकीच्यांना कुलूप. हा स्वेटर यांचा. गेले ते, पण स्वेटर चांगला आहे. टाकायचा कशाला?"

"अगदी बरोबर. रफू कोणी केलं?"

"मीच."

"टाका सुबक आहे हो." बाईंनी पिशवीतून हॅम घातलेले काळ्या पावाचे सँडविच काढले आणि अर्धे म्हातारीच्या हातावर ठेवले. "खा. लाजू नका."

म्हातारीने न लाजता सगळे खाल्ले. बाईंनी उरलेले अर्धेही तिच्यापुढे केले.

एवढ्यात दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडला, "थांबा! अरे ए जॅकेट! तिच्या पायावर पाय देतोस ते देतोस, वर दर वेळी माफी का मागतोस? तू गुंड आहेस! गुंड माफी मागत नसतो!"

"सॉरी," हॉलिस म्हणाला.

"आता माझी मागतोय!"

सगळा चौक हसला. बर्नाडेट तर पोट धरून हसत होती, आणि तो मुलगा कानांपर्यंत लाल होऊन तिच्याकडे असा पाहत होता, की जणू तिला हसवले एवढ्यावर त्याचा सबंध उन्हाळा सार्थकी लागला. लिओकाडियाबाई पाहत राहिल्या. मोटरसायकलवाल्याने त्यांच्या मुलीची कधी, कशासाठीही माफी मागितल्याचे त्यांना आठवेना.

"ऐका बाई," त्या म्हणाल्या. "मी आज हिला इथून घेऊन जायला आले होते. नेत नाही. तुमच्या नातवाला सांगा, हिला भेटायचं तर कोपऱ्यावर घुटमळायचं नाही. पुढच्या दारानं यायचं, घंटी वाजवून. गरिबी हा काही दोष नव्हे. माझा शब्द आहे."

म्हातारी 'गरिबी' या शब्दावर जराशी गोंधळली. पण अशा भारदस्त घरच्या बाई आपण होऊन शब्द देताहेत, हेच तिला मोठे वाटले. "तिलाही आमच्याकडे केव्हाही येऊ द्या. माझाही शब्द," तिने हात पुढे केला, आणि दोघींनी घट्ट हस्तांदोलन केले.

दुपारी शूटिंग आटोपले. दोरी सोडताच एक लांबलचक काळी गाडी चौकात येऊन थांबली. गणवेशातल्या चालकाने दार उघडले आणि टोपी काढली. "मिसेस टेंपलटन, घरी जायचं ना?"

रफूचा स्वेटर उठून उभा राहिला. "आणि तुमची गाडी कुठे उभी आहे? नसेल आली तर मी सोडते ना."

"गाडी कसली?" लिओकाडियाबाईंनी हातमोजा घातलेले बोट समोर केले. "ते तिसरं माझं घर."

एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत ते तिसरे होते. दारापुढे तीन पायऱ्या होत्या. संगमरवरी होत्या खऱ्या.

हॉलिसने केसांतून हात फिरवला आणि तेलकट हात जॅकेटला पुसला. बर्नाडेटचा चेहरा झग्याहून फिकट पडला.

"तुम्ही मला बनवलंत," लिओकाडियाबाई म्हणाल्या.

"मी एक शब्द खोटा बोलले नाही."

"मीही नाही."

"नाही," मिसेस टेंपलटन हळूच म्हणाल्या. "नाहीच बोललात."

लिओकाडियाबाईंना आता वेगळी भीती वाटत होती. मोटरसायकल पोरीला लांब नेते. ही काळी गाडी तिला टेकडीवर नेईल, संध्याकाळी परत आणून सोडील, आणि एके दिवशी पोर आपल्या स्वयंपाकघरात बसून त्याच स्वयंपाकघराची लाज बाळगील. शब्द एका गरीब बाईला दिला होता, आणि ती गरीब बाई तर या जगात नव्हतीच. मोडला असता तर कोणीही दोष दिला नसता.

पण दिला होता त्यांनी. सादोव्स्कींच्या घरात शब्द देताना समोरच्याची ऐपत विचारण्याची रीत नव्हती. आजच ती पाडायची, तर मग टेकडीवाल्यांत आणि आपल्यात फरक काय उरला?

"तू," त्या हॉलिसला म्हणाल्या, "ते केस धू. उद्या एक वाजता जेवायला ये. आणि तुम्हीही या, मिसेस टेंपलटन. पोराला आमचं घर दिसायचं तर तुमच्या देखत दिसू दे. मागाहून कोणी म्हणायला नको, की माहीत नव्हतं."

गाडीचे दार अजून उघडेच होते. मिसेस टेंपलटन यांनी एकदा टेकडीच्या दिशेने पाहिले, एकदा नातवाकडे. घरांच्या रांगेतून शिजत्या कोबीचा वास येत होता.

"मला कोबी सोसत नाही," त्या अखेर म्हणाल्या.

"आमच्याकडे शिजेल ते खातात."

"मग येताना मी गोड काही आणते."

"रिकाम्या हातानं या. पाहुण्या आहात."

गाडी वळणापलीकडे गेली. मागच्या काचेतून हॉलिस हात हलवत होता. त्याला थांबवावे असे शेजारी बसलेल्या त्याच्या आजीलाही वाटले नसावे. बर्नाडेटने बिचकत विचारले, "आजी, तू रागावलीस का गं?"

"रागावलेय तर! उद्या एक वाजेपर्यंत रागावलेलीच राहणार आहे." बाई चालू लागल्या. "तो झगा बदल आणि बाजारात जा. बटाटे आण, आणि कोबी चांगला गच्च बघून आण."