घरबसल्या बावन्न वेढे

सुनेचं "एकतीस" म्हणून झालं आणि अंगणातून सासूबाईंची हाक आली, "अगं ए, म्हैस दावं तोडतेय बघ!"

झालं. एकतीस वेढे पाण्यात गेले. मोबाइलवर लाल पट्टी उमटली : दुसरा आवाज आला, पहिल्यापासून सुरुवात करा. सकाळपासूनची ही चौथी खेप, आणि व्हिडिओ पाठवायची मुदत संध्याकाळी सहाला संपणार होती.

परीक्षा होती पंपाची जळकी मोटार भरण्याची, म्हणजे तिच्यात नवी तार गुंडाळून बसवण्याची. लाकडी साच्यावर तांब्याच्या तारेचे बरोबर बावन्न वेढे घालायचे आणि प्रत्येक वेढा मोठ्याने मोजायचा. पास झाली की मोठ्या रस्त्यावरच्या वर्कशॉपात काम मिळणार होतं. रोज नऊला घराबाहेर, सहाला परत. पगार तर हवा होताच, पण सुनेचा खरा जीव अडकला होता तो त्या 'बाहेर'मध्ये.

आधी ही शिकवणी शाळेमागच्या खोलीत व्हायची. तीन कॉम्प्युटर आणि सात बाया. मास्तर दूर कुठेतरी शहरात बसून पडद्यावर शिकवायचे आणि निम्मा वेळ तोंड उघडं ठेवून तसेच अडकून पडायचे. बाया पोट धरून हसायच्या. पण आठवड्यातून तीनदा, दोन-दोन तास, तिला कुणी हाक मारत नव्हतं. मग वरून निरोप आला की खोली बंद, आता सगळं मोबाइलवर, घरबसल्या शिका. गाव खूश झालं. 'घरबसल्या' हा शब्द ज्याने काढला त्याला एक दिवस या घरात सून करून ठेवायला हवा होता. "घरातच तर आहेस की" हे वाक्य त्या दिवशी सासूबाईंच्या तोंडात जे बसलं, ते काही उठलं नाही.

बाई दुष्ट नव्हती हो. दुपारी सून काकुळतीला येऊन म्हणाली, "आई, बावन्न होईपर्यंत हाक मारू नका. पाया पडते तुमच्या."

"मी कशाला मारते? तोंडाला कुलूपच लावते बघ."

कुलूप सत्तेचाळिसापर्यंत टिकलं. मग दारातून डोकं आत आलं, "अगं, झाले का गं बावन्न?"

सुनेला रडू फुटलं. साचा आपटावासा वाटला, पण तो मास्तरांकडून आलेला होता, म्हणून तिने तो हळूच खाली ठेवला. तिचं तोंड बघून सासूबाई वरमल्या.

"कडब्याच्या खोलीत जा," त्या म्हणाल्या. "आतून कडी नाही, वाऱ्याने दार वाजतं. मी बाहेरून घालते आणि दारातच बसते. कुणाला फिरकू देत नाही."

पत्र्याखाली खोली भट्टीसारखी तापली होती. कडब्याची कुसळं घामावर चिकटली. बाहेर सासूबाई कोंबड्यासुद्धा हातवाऱ्यांनीच हाकलत होत्या. पन्नास. एक्कावन्न. बावन्न! सहाला दहा मिनिटं कमी असताना व्हिडिओ गेला.

आठव्या दिवशी निकाल लागला, सून पास! संध्याकाळी वर्कशॉपवाल्याचा फोन आला. मोबाइल नवऱ्याचा, त्यामुळे उचलला त्यानेच. बोलता बोलता त्याचा चेहरा फुलत गेला.

"ऐकलंस का? तुझं काम फार आवडलं त्यांना. म्हणाले, वहिनींनी रोज कशाला हेलपाटा घालायचा? मोटारी टेंपोने इथेच पाठवतो. घरबसल्या भरा! मी हो म्हणून टाकलं."

सून खाली बसली. निकाल कळताच तिने कामावर जायची साडी इस्त्री करून ठेवली होती.

"अहो," ती म्हणाली, "मग कडब्याच्या खोलीला आतून एक कडी तरी बसवा."

"आतून कशाला?" सासूबाई मायेने म्हणाल्या. "बाहेरून मी घालत जाईन की."