पोट सुटलेली भिंत

टेलरबाईंच्या दुकानाची इमारत पाडायचं ठरलं, तेव्हा बाकीच्या भाडेकरूंनी आधी आरडाओरडा केला, मग एकेकानं गुपचूप दुसरीकडे जागा शोधली. टेलरबाई मात्र शांतपणे पँटच्या पायांना दुमड घालत बसल्या. पुढच्या खोलीत शिवायचं, मागच्या खोलीत राहायचं, असा त्यांचा जन्म तिथंच गेला होता. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं आणि अडवणारंही नव्हतं. अडवायचं काम धाकटी बहीण हौसेनं करायची.

"ताई, सरळ माझ्याकडे ये," धाकटी म्हणाली. ती मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती आणि मुलगा, सून आणि नातवाबरोबर चौथ्या मजल्यावर राहत होती. "एका खोलीत तुझं मशीन लावू."

"मी घर बांधणारेय. दगडाचं. माझ्या हातानं."

धाकटीनं ताईच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

वस्ती संपते तिथं टेलरबाईंच्या नावावर एक जमीन होती. वडिलांनी धाकटीला शिकवलं आणि थोरलीला ती जमीन दिली. पण तिथं कुदळ मारावी तर दगड, बी टाकावं तर दगड. विकायला काढली तर गिऱ्हाईक गाडीतून न उतरताच परत फिरे. टेलरबाई म्हणत, "जे पिकतं ते वापरावं."

धाकटीचा मुलगा बांधकामावर सुपरवायझर होता. आईनं त्याला मावशीच्या डोक्यातलं खूळ काढायला पाठवलं. तो हसला नाही. जमिनीवर काठीनं रेघा मारत म्हणाला, "मावशी, होईल की नाही एवढंच बघू. दगडाची भिंत जाड लागते, हातभर तरी. तीन खोल्या एकटीनं बांधायला घेतल्यास तर म्हातारी होशील."

"म्हातारी तर मी तशीही होणार. बरं, दोन."

"दोन झाल्या तरी पाया कोण घेणार?"

"मग एकच. मशीन, खाट आणि चूल मावली की झालं. पाया तुझ्या माणसांकडून करून घेऊ. छप्पर सुतार करेल. भिंती माझ्या."

भाचा डोकं खाजवत राहिला. त्यानं शंका काढावी आणि मावशीनं घर तेवढं आखूड करावं, असं करत करत तिनं तीन खोल्या उसवून एक खोली शिवून दिली होती. आणि ती एक खोली होण्यासारखी होती. घरी जाऊन तो आईला एवढंच म्हणाला, "अशक्य नाहीये." धाकटी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

टेलरबाई आधी एका गवंड्याकडे गेल्या. तो कुणाच्या तरी बागेला दगडी कुंपण घालत होता. "आजी, इथं बायकांचं काम..." त्यानं सुरुवात केली, तोवर त्यांनी घमेलं उचललंही होतं. चुना कालवणं, दगडांमधल्या फटींत चिपा भरणं, ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते बघणं, सगळं त्या शिकल्या. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि अधूनमधून भिंतीच्या आरपार जाईल असा लांब दगड घालायचाच, हे गवंड्यानं चारचारदा बजावलं. कुंपण संपल्यावर त्या आपल्या जमिनीवर आल्या.

पहिल्या महिन्यात बोटं इतकी सुजली की सुईत दोरा ओवता येईना. कापड हवं तसं कापता येतं. दगडाची मात्र आधी मर्जी बघावी लागते. उचललेला दगड चार जागी लावून बघायचा आणि पाचव्या जागी बसवायचा. तरी भिंती वाढत गेल्या. गुडघ्याला आल्या, कमरेला आल्या, खांद्याला लागल्या. मग पाऊस सुरू झाला. काम झाकून टेलरबाई नाइलाजानं चौथ्या मजल्यावर राहायला गेल्या.

पाऊस सरल्यावर त्या भाच्याबरोबर परत आल्या, तर मागच्या भिंतीचं पोट सुटलं होतं. भाच्यानं ओळंबा लावला. मग दुसऱ्या बाजूनंही लावून बघितला.

"पडेल?" त्यांनी विचारलं.

"आज नाही पडणार. पण हिच्यावर छप्पर नको टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी डबा आणि मनात तयार करून ठेवलेलं भाषण घेऊन आली. "झाली हौस?" असं तिनं तोंड उघडलं आणि ती थबकली. ताई भिंत पाडत होती. रागानं नाही, एकेक दगड उचलून, पुसून, आकाराप्रमाणे बाजूला लावत.

"हे बघ," टेलरबाई म्हणाल्या. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळे उभे होते आणि मधला भराव ओला होऊन दोघांना ढकलत होता. "लांब दगड दिसायला छान, म्हणून मी ते खिडकीसाठी मागे ठेवले. गवंडी ओरडून सांगत होता. अस्तराला टाके न घालता कोट शिवला मी! माझ्या दुकानात कुणी असं केलं असतं, तर मी त्याला हाकललं असतं."

"मग आता?"

"आता टाके घालायचे."

तेवढ्यात एक दगड निसटून त्यांच्या बोटावर आला. धाकटीनं पर्समधून पट्टी काढून बोट बांधलं, भाषण तसंच गिळलं आणि पायातल्या चपला काढून बूट मागितले. "आणि कंबरेतून वाकू नकोस. पेशंट उचलताना आम्ही गुडघ्यात वाकतो. तुला साधं उचलता येत नाही आणि निघालीस घर बांधायला!"

त्या दिवसापासून दोघी बांधू लागल्या. प्रत्येक दगडावरून भांडण. धाकटीला वॉर्डात हुकूम सोडायची सवय; टेलरबाईंना जन्मात कुणाचं ऐकायची सवय नाही. पण भिंत आता सरळ चढत होती. लांब दगड पुन्हा मागे राहिले नाहीत.

खरा प्रश्न आला तो दारावरच्या दगडाचा. त्यासाठी त्यांनी आपल्याच जमिनीतली, दारासमोरच पडलेली एक अखंड लांब शिळा हेरून ठेवली होती. भाचा क्रेन बघून आला. "रस्ता अरुंद आहे, गाडी आत येणार नाही. लाकडाची तुळई टाकू, मावशी. त्यात काही कमीपणा नाही."

टेलरबाई शिळेवर बसून राहिल्या. मग धाकटीच म्हणाली, "वॉर्डात जड खाट उंच करायची तर आम्ही काय चार पैलवान बोलवायचो? डोक्याची बाजू उचलायची, ठोकळा सरकवायचा. मग पायाची बाजू."

भाच्यानं विचार केला आणि जाड फळ्या आणल्या. त्यानं त्या आडव्या-उभ्या कशा रचायच्या ते दाखवलं. शिळेखाली हात घालायचा नाही, अशी दोघींकडून शपथ घेतली. मग टेलरबाईंनी पहारीवर भार द्यायचा आणि धाकटीनं काठीनं फळी सरकवायची. एक बाजू बोटभर वर, मग दुसरी बाजू बोटभर वर. एका दुपारी एक फळी कडाड वाजली आणि शिळा कलली. धाकटी किंचाळली. टेलरबाईंनी पहार सोडली नाही. "ओरडून झालं असेल तर फळी बदल," त्या दातओठ खात म्हणाल्या. धाकटीनं बदलली.

चौथ्या दिवशी शिळा दोन्ही भिंतींवर सरकली. चुना वाळल्यावर भाच्यानं खालच्या फळ्या काढल्या. शेवटची फळी निघताच टेलरबाई दारात, बरोबर शिळेखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, बाहेर ये!"

"रोज इथूनच जायचंय मला. काय व्हायचं ते आजच होऊ दे."

काही झालं नाही. थोडा चुना खांद्यावर पडला. तो त्यांनी झटकला आणि त्या आत गेल्या.

सुतारानं छप्पर घातलं आणि टेलरबाई मशीनसकट राहायला आल्या. खिडकी थोडी तिरकी आहे, थंडीत एका कोपऱ्यातून वारा शिरतो. गिऱ्हाइकं लांब पडतं म्हणून कुरकुरतात आणि तरी येतात. धाकटी आठवड्यातले निम्मे दिवस इथंच असते आणि "नातवाचा गोंगाट फार होतो गं" असं कारण सांगते.

परवा कपाट आणलं. भिंत उंचसखल, त्यामुळे ते नीट टेकेना.

"भिंतीला गिलावा कर," धाकटी म्हणाली.

"भिंतीला हात लावायचा नाही. कपाटाची पाठ तासू."

तासभर भांडून झाल्यावर दोघींनी मिळून कपाट पुन्हा अंगणात आणलं आणि टेलरबाई रंधा शोधायला लागल्या.