आतल्या खोलीचं दार

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला पहिला नकाशा काढायचा असतो तो राहत्या घराचा. टेपने घर मोजायचं आणि पन्नासपट लहान करून कागदावर उतरवायचं. नुसत्या भिंती आणि दारं-खिडक्या नाहीत, तर पलंग, कपाटं, शेगडीसुद्धा. शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे 'गुण्या' म्हणत, कारण सुताराच्या त्या हत्यारासारखं त्यांच्याकडे सगळं काटकोनात चालायचं. त्यांनी नियम एकच घातला होता : जसं आहे तसं. घर कसं असायला हवं, ते पुढच्या वर्षी.

भिंतीवर टाचलेले नकाशे पाहत सर मनीच्या नकाशापुढे थांबले. दार काढताना ते उघडायला किती जागा घेतं, हे दाखवणारी पाव वर्तुळाची रेघही काढावी लागते. मनीने ती इमानाने काढली होती. आतल्या खोलीत ती रेघ जोडपलंगाच्या अर्ध्या भागावरून आरपार गेली होती.

"हे दार उघडतं कसं?"

"आत उघडतं, सर."

"आत म्हणजे कुठे? पलंगावर? इथे कोण झोपतं?"

"बाबा."

"मग बाबा खिडकीतून येत असतील, सर!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला.

सर हसले नाहीत. "एक तर हे दार खोटं आहे, नाहीतर हा पलंग. परवा प्रदर्शन आहे. उद्या नीट मोजून आण."

मोजायची गरज नव्हती. दार खरं होतं.

जोडपलंग म्हणजे शेजारी शेजारी लावलेले दोन एकेरी पलंग. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी बाबांनी त्यातला आपला पलंग ओढत मागच्या बंद गॅलरीत नेला. भांडण झालं नव्हतं; निदान मनीच्या कानावर तरी आलं नव्हतं. तोवर आतल्या खोलीचं दार बाहेर उघडून खोलीपुढच्या बोळातल्या कपाटावर आपटायचं. आत जागा झाली, तसं आईने सुतार बोलावून ते आत उघडणारं करून घेतलं. त्यानंतर दोघांचं बोलणं मनीमार्फत. "बाबांना सांग, वाढलंय." "आईला सांग, मी खाऊन आलोय." बाहेर कुणाला याचा गंधही नव्हता. पाहुणे आले की गॅलरीचं दार ओढून घेतलं जाई.

नकाशात पलंगसुद्धा काढायचे म्हटल्यावर आई घाबरली होती. "दोन्ही आत काढ. तुझी आत्या प्रदर्शनाला येणार म्हणजे येणार, तिची पोरगी तुमच्याच कॉलेजात. उगाच तिला विषय नको." मनीने ऐकलं. पण दार तिने मोजून काढलं आणि पलंग आठवून. दोन्ही एका कागदावर आल्यावर काय होईल, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

संध्याकाळी तिने झाला प्रकार आईला सांगितला.

"मग दार बाहेर उघडतं असं दाखव. पूर्वी उघडायचंच की."

"बोळात कपाट आहे. ते सरांना दिसेल."

"कपाट खोडून टाक."

"मग भिंतही खोडू का?"

"जास्त शहाणपणा नको," आई म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

बाबा बस डेपोतून आले. उभ्या उभ्याच पाणी प्यायले. टेबलावरचा नकाशा त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि आतल्या खोलीवर बोट ठेवलं.

"हा माझा?"

"हो."

"गॅलरीत काढ." मग चष्मा काढून ते म्हणाले, "नाहीतर राहू दे. एक तारखेपासून मी डेपोजवळ खोली घेतली आहे. हा पलंगही नेईन म्हणतो."

मनीने सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं. "आई, बाबा म्हणताहेत की..."

"ऐकलं मी," आई म्हणाली.

कुकरची शिट्टी झाली. 

सकाळी बाबा ड्यूटीवर गेल्यावर आईने स्वतःहून टेप आणून मनीपुढे धरला. "चल. गॅलरीतला पलंग मोजायचा राहिला आहे ना?"

"अगं, आत्याला कळेल."

"एक तारखेनंतर सगळ्यांनाच कळणार आहे. तुझे मार्क कशाला घालवू मी?"

दोन वर्षांत आई गॅलरीत आली नव्हती. कपडे वाळत घालायचं काम मनीकडे होतं. पलंगाच्या कडेला जेमतेम पाऊल टाकण्याएवढी वाट. उशाशी इस्त्री केलेले दोन शर्ट, एक बॅटरी, गुडघ्याला लावायचं मलम. आईने टेपचं टोक पलंगाच्या उशाकडच्या कडेला धरलं, मनीने पायथ्याकडच्या. आकडा आतल्या पलंगाच्या मापापेक्षा वीतभर कमी आला.

"नीट धर," आई म्हणाली. "दोन्ही पलंग एकाच मापाचे आहेत. मी स्वतः करून घेतलेत."

मनी खाली वाकली. पायथ्याकडची फळी नव्याने ठोकलेली होती आणि कापलेल्या कडेला पॉलिश नव्हतं.

"कापलाय, आई. पूर्ण पलंग इथे मावतच नव्हता."

आईने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "त्या दिवशी करवतीचा आवाज येत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, खिडकीला फळी बसवताहेत." बाबा घरात सगळ्यांत उंच. आई त्या पलंगाकडे पाहत राहिली. "पाय कुठे ठेवत असतील?"

मनीने आकडा लिहून घेतला.

प्रदर्शनात नकाशा लागला. सरांनी कोपऱ्यात बरोबरची खूण केली होती, बाकी काही लिहिलं नव्हतं. आत्या नाकाशी चष्मा धरून वाकली. आधी आतली खोली, मग गॅलरी. मग तिने वळून आईकडे पाहिलं.

"वहिनी, हे काय? पोरीची काहीतरी चूक झालेली दिसते."

"नाही," आई म्हणाली. "टेपचं एक टोक मीच धरलं होतं."

आत्या आपल्या मुलीला शोधत पुढे गेली. आई पर्स पोटाशी धरून नकाशापुढे उभीच राहिली, आणि तिला एवढा वेळ काय दिसतंय म्हणून येणारे-जाणारेही थांबून बघू लागले. मनी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाबांनी येतो म्हणून सांगितलं नव्हतं, आणि ते आलेही नाहीत.