वळणासाठी घट्ट केलेली गाडी

आयुष्यभर दुसऱ्यांना गाडी शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीबद्दल कुणी काही बोललेलं खपत नाही. मास्तरांचंही तसंच होतं. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल बंद होऊन काही वर्षं झाली होती, पण गावातला निम्मा रस्ता अजूनही त्यांच्याच विद्यार्थ्यांनी भरलेला असायचा. सिग्नलला कुणी क्लच दाबून धरलेला दिसला की काच खाली करून ते ओरडायचे, "पाय काढ! तुला मी हे शिकवलं होतं का?"

त्यांची बायकोही त्यांचीच विद्यार्थिनी. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी ती त्यांना मास्तरच म्हणायची. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. शिकताना तिनं एकदाही गाडी बंद पाडली नव्हती. यावर मास्तरांचं म्हणणं असं, की शिकवणारा चांगला होता. तिचं म्हणणं, की शेजारी बसलेला माणूस गाडीपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होता, म्हणून मलाच रस्त्याकडे बघावं लागलं.

मग ती आजारी पडली. आजार कमरेच्या मणक्यात उतरला, तेव्हा डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात दर आठवड्याला खेपा सुरू झाल्या. वाटेत घाट. मास्तरांची गाडी छोटी, उंच आणि अरुंद. बायकोचा धाकटा भाऊ त्या गाडीला चाकं लावलेलं कपाट म्हणायचा. सपाट रस्त्यावर बिचारी बरी चालायची, पण वळण आलं की एका अंगावर कलायची, आणि मागच्या सीटवर उशांच्या आधाराने बसलेली बायकोही तिच्याबरोबर कलायची. खिडकीवरचा पट्टा ती दोन्ही हातांनी धरून ठेवायची. मास्तर गाडी गोगलगाईसारखी हाकायचे. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. घरी आल्यावर तिच्या तळहातांवर पट्ट्याचे लाल वळ उठलेले दिसले, की मास्तर भरलं ताट सारून उठायचे.

शेवटी ते याच मेहुण्याच्या गॅरेजवर गेले. मेहुण्याला सगळे पान्या म्हणत, कारण झोपेतसुद्धा याच्या हातात पाना असतो असा त्याचा लौकिक होता.

"गाडी डुलायची थांबली पाहिजे," मास्तर म्हणाले.

पान्यानं बॉनेट उघडलं, मग खाली वाकून पाहिलं. "दाजी, शर्यतीवाले करतात तसं करू. बॉनेटखाली दोन्ही शॉकअ‍ॅबसॉर्बरच्या डोक्यांना जोडणारा एक आडवा दांडा. पोटाखालून एक पट्टी. आणि मागच्या दोन चाकांमध्ये एक जाड बार. मग ही कलणार नाही, रुळावर चालल्यासारखी वळेल."

"मग वाट कसली बघतोस?"

पान्या जरा घुटमळला. "मागचा बार कडक असतो. एक चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो. ताईला…"

"खड्डे मी चुकवीन रे," मास्तर म्हणाले. "वळण कसं चुकवणार?"

पान्यानं पाना उचलला. तो कामाला लागला. मास्तर तिथेच एका जुन्या टायरवर बसून राहिले आणि प्रत्येक बोल्ट आवळला की "बघ, नीट बसला का?" असं विचारून त्याच्या नाकी नऊ आणत राहिले.

पुढच्या खेपेला घाटात गाडी खरोखरच बदललेली होती. पहिल्या वळणावर मास्तरांनी सवयीनं गाडी अगदी हळू केली. गाडी सरळ उभी राहून वळली, जणू तिला कुणीतरी दोन्ही खांद्यांना धरलं होतं. आरशात त्यांनी मागे पाहिलं. बायकोनं पट्टा सोडला होता आणि ती खिडकीबाहेर दरीकडे बघत होती.

"काय म्हणते गाडी?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, शंभरपैकी शंभर," ती म्हणाली.

त्या दिवशी मास्तर उरलेला घाट गुणगुणत उतरले. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून सूर निघाला नव्हता. सुराशी त्यांचं कधी जमलं नव्हतं, पण बायकोनं एकदाही थांबवलं नाही.

मग कुणाच्याही ध्यानीमनी नसताना हॉस्पिटलकडचा रस्ता पाण्याच्या मोठ्या नळासाठी खणायला घेतला. घाट संपला की उरलेली वाट म्हणजे नुसते दगड, खाचा आणि मातीचे ढिगारे. चुकवायचे म्हटलं तरी खड्डे कुठले चुकवणार? एक टाळला की चाक दुसऱ्यात. मास्तर शिव्या घालत, जपून चालवत होते. मागून काहीच आवाज यायचा नाही. ते विचारायचे, "ठीक ना गं?" ती म्हणायची, "ठीक." बोलायची एवढंच, पण बोलण्याआधी जरा वेळ घ्यायची.

अशाच एका खेपेत खणलेल्या रस्त्याच्या तोंडाशी ती म्हणाली, "मास्तर, जरा थांबवता? पाय मोकळे करते."

"इथे? या धुळीत?"

"हो. तुम्ही पुढे जाऊन थांबा, त्या झाडापाशी. मी येते चालत."

मास्तरांना नवल वाटलं. घरात स्वयंपाकघरापर्यंत जातानाही ती भिंत धरून जायची. पण डॉक्टरांनी थोडं चाला असं सांगितलं असेल, असा त्यांनी समज करून घेतला. तिला हात देऊन उतरवलं आणि गाडी हळूहळू पुढे नेली. गाडी दगडांवरून आदळत गेली. एरवी सगळं लक्ष मागे असायचं; आज मागे कुणी नसताना तो धक्का त्यांना पहिल्यांदाच नीट जाणवला. डावं चाक खाली गेलं की उजवीकडे बसलेल्या त्यांचं अख्खं अंग हादरत होतं, कमरेत सणक जात होती.

त्यांनी आरशात पाहिलं. खणलेल्या चरीच्या कडेनं ती येत होती. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं ओढणी नाकाशी धरलेली. चार पावलं टाकून थांबायची, दम घ्यायची, पुन्हा निघायची. आजारी माणूस चालतं तशीच चालत होती. पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि तेच बघून मास्तरांना उमगलं. दुखऱ्या मणक्यानं दगडधोंड्यांतून चालणं तिला या गाडीत बसण्यापेक्षा बरं वाटत होतं.

गाडीचं दार तसंच उघडं टाकून ते मागे धावले.

"अगं, सांगायचं ना!"

"काय सांगायचं?"

"दुखतं म्हणून!"

"दुखतं ते घरीही दुखतंच," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून तिनं त्यांच्या दंडाला धरलं. "वळणावर खरंच छान वाटतं हो. खोटं नाही बोलले मी."

हॉस्पिटलपर्यंतची उरलेली थोडी वाट दोघं थांबत थांबत चालतच गेली. गाडी तिथेच राहिली. मागून आलेल्या माणसांनी अडथळा म्हणून ती ढकलून कडेला लावली.

घरी आल्या आल्या मास्तर तीच गाडी घेऊन गॅरेजवर गेले. "मागचा बार काढ. आत्ताच्या आत्ता."

पान्या जॅक घेऊन आला. गाडीखाली शिरता शिरता म्हणाला, "ताईनं फोन केला होता मला."

"कधी?"

"रस्ता खणला तेव्हाच. म्हणाली, मास्तरांना कळू न देता तेवढा एक बार काढता येईल का? मी म्हटलं, ताई, दाजींना पहिल्याच वळणावर कळेल. तर म्हणाली, मग राहू दे."

"आणि तू गप्प बसलास?"

"तिनं शपथ घातली. म्हणाली, ते गाडी चालवताना गुणगुणायला लागलेत."

मास्तर टायरवर बसले. बार निघाला तरी ते उठले नाहीत.

पुढच्या खेपेला गाडी पुन्हा थोडी डुलू लागली होती, पण दगडांवर मऊ जात होती. मास्तर वाटभर काही ना काही बोलत राहिले, आणि ती हसत राहिली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, आता इतक्या लांब आणून त्यांचे हाल करू नका. परतीच्या वाटेवर ती पूर्ण वेळ झोपली होती. खणलेला रस्ता तिला कळला नाही, घाटही कळला नाही. घराशी गाडी थांबल्यावर तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "आलो? इतक्यात?"

त्यानंतर ती कुठेच गेली नाही. एका सकाळी मास्तर चहा गाळत असताना आतल्या खोलीत ती झोपेतच गेली. त्यांनी दोन कप भरून आत नेले, तेव्हा त्यांना कळलं.

माणसं आली, गेली. पान्यानं सगळी धावपळ केली. कुणाला फोन करायचा, कुणाला स्टेशनवरून आणायचं, सगळं. तो रडला नाही. मास्तरांसमोर तर मुळीच नाही.

दिवसकार्य झाल्यावर मास्तरांना घरात बसवेना. एके दुपारी ते गॅरेजवर आले. पान्या कुणाच्या तरी गाडीखाली होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते, झिजलेले बूट आणि ग्रीसनं काळी झालेली पँट.

"कोण?" खालून आवाज आला.

"मी."

खालची खटपट थांबली. मग गाडीखालून पान्याचा आवाज आला, ओळखू न येण्याइतका बारीक. "दाजी, मी सांगायला हवं होतं हो. तिची शपथ मोडून सांगायला हवं होतं. तेवढ्या खेपा तरी…"

त्याचे बूट थरथरत होते.

मास्तरांना खाली वाकणं आता जमत नव्हतं. तरी ते गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली बसले, तेलकट फरशीवरच, गाडीला पाठ लावून. त्यांनी पान्याच्या घोट्यावर हात ठेवला.

"ती कुणाचं ऐकायची का?" ते म्हणाले. "माझं तरी कधी ऐकलं होतं?"

गाडीखालून हुंदका आला, आणि त्यात कुठेतरी हसूही होतं. मास्तर तसेच बसून राहिले. रस्त्यावरून कुणीतरी पहिल्या गिअरमध्येच गाडी रेटत नेली. मास्तर त्या गाडीवाल्यावर ओरडले नाहीत.